काल उघडलेला शोधनिबंध आज पैसे मागत असेल तर

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वाक्यात येते: “मॅडम, हा निबंध गेल्या वेळी उघडला होता, आता पैसे मागतो.” सोबत मोबाईलच्या पडद्याचे छायाचित्र असते. त्यात शीर्षक, लेखकांची नावे आणि सारांश दिसतो, खाली तीस-चाळीस डॉलरची किंमत दिसते, आणि पीडीएफचे बटण मात्र कुठेच नसते. गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करताना असे छायाचित्र मी पहिल्यांदा एप्रिल २०२० मध्ये पाहिले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली होती आणि वाचनकक्षात बसून जे सहज उघडत असे ते मुलांना घरून उघडेना. टाळेबंदी उठून वर्षे लोटली, तरी प्रबंधिका सादर करण्याचे दिवस जवळ आले की तीच तक्रार पुन्हा येते. म्हणून तिचे निदान आणि उपाय एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

माझा अनुभव असा आहे की विद्यार्थी ज्या निबंधाची आशा सोडून देतात, त्यांपैकी बऱ्याच निबंधांची विनामूल्य आणि कायदेशीर प्रत दुसरीकडे ठेवलेली असते. २०१८ साली ‘पीअरजे’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने एकूण शोधसाहित्यापैकी किमान २८ टक्के साहित्य मुक्तपणे वाचता येते असा अंदाज मांडला होता. त्याच अभ्यासात, मुक्त प्रत शोधून देणाऱ्या एका साधनाच्या वापरकर्त्यांनी प्रत्यक्षात जे निबंध मागितले होते त्यांत हे प्रमाण ४७ टक्के निघाले. म्हणजे मागितलेल्या दोन निबंधांपैकी जवळजवळ एक मिळण्यासारखा होता, आणि तोही महामारीच्या आधी. तेव्हा किंमत दिसताच पान बंद करू नये.

आधी कारण ओळखावे

निबंध बंद दिसण्याची कारणे तीन आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, त्यामुळे कारण न ओळखता धडपड केल्यास अर्धा दिवस वाया जातो.

पहिले कारण जागेचे. विद्यापीठे आणि संशोधन संस्था ज्या नियतकालिकांची वर्गणी भरतात, ती बहुधा संस्थेच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता ओळखून उघडतात. आवारात कोणीही नाव-पासवर्ड विचारत नाही, म्हणून विद्यार्थ्याला तो निबंध सर्वांसाठीच खुला असल्याचा समज होतो, आणि घरच्या मोबाईल डेटावर तोच निबंध कुलूपबंद दिसतो. यावर उपाय ग्रंथपालाकडे असतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने संस्थेबाहेरून प्रवेश देण्यासाठी ‘इन्फेड’ ही व्यवस्था उभारली आहे, तर महाविद्यालयांसाठीच्या ‘एन-लिस्ट’ योजनेत प्रत्येक सदस्याला स्वतंत्र लॉग-इन मिळते. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनाही सुरू झाली असून तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके आहेत. मात्र ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यापुरती आहे. आपले महाविद्यालय तीत बसते की नाही, हे ग्रंथालयात जाऊन एकदा विचारून घ्यावे. मला खंत वाटते ती कोणत्याही संस्थेत नाव नसलेल्या वाचकाची. शाळेतील शिक्षक, गावचा डॉक्टर, स्वतःच्या हौसेने इतिहास शोधणारा माणूस, यांना यातले काहीच लागू होत नाही. पुढचे सर्व उपाय प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत.

दुसरे कारण मुदतीचे, आणि “आधी उघडत होता” या तक्रारीचे खरे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या वेलकम ट्रस्टच्या पुढाकाराने निघालेल्या निवेदनावर अनेक प्रकाशकांनी आणि संस्थांनी सह्या केल्या आणि कोविडच्या साथीसंबंधीचे संशोधन किमान साथ चालू असेपर्यंत सर्वांना खुले ठेवण्याचे मान्य केले. नियतकालिकांचा मोठा डिजिटल संग्रह असलेल्या ‘जेस्टोर’ने वैयक्तिक खात्यावर महिन्याला ६ निबंध विनामूल्य वाचण्याची मर्यादा १०० पर्यंत वाढवली. स्कॅन केलेली पुस्तके वाचायला उसनी देणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने २४ मार्च २०२० रोजी सुमारे १४ लाख पुस्तकांची प्रतीक्षायादी स्थगित केली आणि प्रकाशकांनी खटला भरल्यावर १६ जूनला ती पुन्हा लागू केली. या सवलतींनी त्या दिवसांत फार मोठा आधार दिला, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे. प्रकाशक आपल्या संकेतस्थळावर जो निबंध कोणताही मुक्त परवाना न देता नुसता वाचायला ठेवतो, त्याला अभ्यासक ‘ब्राँझ’ म्हणतात, आणि तो निबंध प्रकाशक केव्हाही पुन्हा बंद करू शकतो. आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर झाले. २०२० मध्ये मी स्वतः एका विद्यार्थिनीला “लिंक जपून ठेव, पुरेसे आहे” असे सांगितले होते. तिच्या मौखिक परीक्षेच्या आधी आम्ही दोघींनी संदर्भसूची तपासायला घेतली, तेव्हा त्यातले काही निबंध बंद झालेले होते. तो सल्ला माझा होता आणि तो चुकीचा होता.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे. प्रकाशकाच्या संकेतस्थळावरची प्रत बंद आहे, पण तोच निबंध लेखकाच्या संस्थेत, विषयवार संग्रहात किंवा सहप्रकाशकाकडे खुला आहे आणि आपण तिथे पाहिलेलेच नाही.

डीओआय नीट उचलणे

शोधाची सुरुवात शीर्षकाने न करता डीओआयने करावी. हा निबंधाचा कायमचा क्रमांक असतो, तो नेहमी दहा या आकड्याने आणि टिंबाने सुरू होतो, पुढे काही अंक, मग तिरकी रेघ आणि मग अक्षरे-अंक येतात. संकेतस्थळ बदलले, नियतकालिक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेले, तरी डीओआय तोच राहतो. तो ‘डीओआय डॉट ओआरजी’नंतर तिरकी रेघ देऊन लिहिला की निबंधाचे सध्याचे पान उघडते.

‘डीओआय सापडत नाही’ असे ज्यांनी कळवले त्यांच्या बाबतीत दोष बहुधा उचलण्यात निघाला. संदर्भसूचीत डीओआयनंतर वाक्याचा पूर्णविराम येतो आणि कॉपी करताना तो टिंबही सोबत येतो. लांब डीओआय दोन ओळींत मोडलेला असेल, तर मध्ये एक रिकामी जागा शिरते किंवा ओळ तोडताना छापखान्याने घातलेली जोडरेघ क्रमांकाचा भाग बनते. मराठी वाचकाच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. मोबाईलचा कळफलक मराठीवर असेल आणि क्रमांक हाताने टंकला असेल, तर अंक देवनागरी उमटतात. डोळ्यांना क्रमांक अगदी बरोबर दिसतो, संगणकाला मात्र तो ओळखताच येत नाही. डीओआय इंग्रजी अंकांतच लिहावा, शेवटचे अक्षर तपासावे आणि मधली रिकामी जागा काढावी. एवढ्यानेच पुष्कळ तक्रारी मिटतात.

दुसरी प्रत शोधणे

क्रमांक हाती आला की संगणकावर ‘अनपेवॉल’ ही ब्राउझरची विनामूल्य जोडणी वापरावी. निबंधाचे पान उघडताच उजव्या कडेला कुलपाचे लहान चिन्ह दिसते. ते हिरवे असेल तर त्यावर टिचकी मारताच मुक्त प्रत उघडते, करडे असेल तर तिच्या नोंदीत प्रत नाही असे समजावे. ही जोडणी केवळ कायदेशीर प्रतींची नोंद ठेवते. मोबाईलवरील क्रोममध्ये अशी जोडणी बसत नाही, आणि आमची बहुसंख्य मुले मोबाईलवरच काम करतात. त्यांनी गूगल स्कॉलरमध्ये पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हांत घालून शोधावे आणि निकालाखालील ‘ऑल व्हर्जन्स’ हा दुवा उघडावा. पहिल्या ओळीत प्रकाशकाची बंद प्रत असते आणि खाली चौथ्या-पाचव्या ओळीत एखाद्या विद्यापीठाच्या संग्रहातील पीडीएफ निवांत पडलेली असते. पहिला निकाल बंद दिसला म्हणून परत फिरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

यानंतर विषयवार संग्रह. वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी, भौतिकशास्त्र-गणितासाठी १९९१ पासून चालू असलेले ‘आर्काइव्ह’ (arXiv), सर्व विषयांसाठी ‘कोअर’ (CORE) आणि ‘बेस’ (BASE). मुळातच मुक्त असलेल्या नियतकालिकांची सूची हवी असेल तर ‘डीओएजे’ पाहावी.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे उदाहरण देते. तिचा विषय माकडताप आणि काजूच्या बागायतीत राबणारे मजूर असा होता. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, आणि २०१५ मध्ये सत्तरीतही त्याचे रुग्ण आढळले. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम जवळजवळ एकच, त्यामुळे विषय तिच्या घरचाच होता. ‘मंकी फीवर’ असे शोधून तिला वृत्तपत्रांतील बातम्याच जास्त मिळत होत्या. रोगाचे शास्त्रीय साहित्यातील नाव ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ असे टाकून युरोप पीएमसीवर फक्त मुक्त पूर्णपाठाची गाळणी लावली, तेव्हा वाचण्याजोगे निबंध भराभर समोर आले. तिच्या घरी रेंज नव्हती. संध्याकाळी ती घरामागच्या टेकडीवर चढून डाउनलोड करीत असे आणि मोठी पीडीएफ अर्ध्यावर तुटत असे. पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी या दोन्ही संग्रहांत पुष्कळ निबंध पीडीएफशिवाय साध्या पानाच्या रूपातही असतात. ते पान फार हलके असते, आधी मजकूर उतरतो आणि आकृत्या मागून येतात. जिथे नेटवर्क दुबळे आहे तिथे पीडीएफचा हट्ट न धरता हे पान उघडून जतन करावे.

गोव्याविषयीचे आणि मराठीतील साहित्य

आपल्या परिसरावरील संशोधन परदेशी प्रकाशकाकडे विकत दिसते आणि त्याची प्रत दोनापावलाला मोफत ठेवलेली असते, असे अनेकदा घडते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा स्वतःचा डिजिटल संग्रह आहे. मांडवी-झुवारीच्या मुखांवर, किनाऱ्याच्या झिजेवर, गाळावर किंवा माशांवर काम करणाऱ्याने प्रथम तिथेच पाहावे. अनेक निबंधांच्या पहिल्या पानावर ‘ऑथर व्हर्जन’ असे लिहून त्यापुढे नियतकालिकाचे नाव आणि खंड दिलेला असतो. ही लेखकाची प्रत आहे. मजकूर स्वीकृत निबंधाचाच असतो, फक्त नियतकालिकाची मांडणी नसते. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाचाही असाच संग्रह आहे. बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिके तर दोन ठिकाणी असतात: व्यापारी सहप्रकाशकाच्या पानावर किंमत, आणि अकादमीच्या स्वतःच्या पानावर तोच निबंध विनामूल्य.

पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक झाले. इथे प्रबंध एका फाइलीत नसतो, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण आणि संदर्भसूची वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. आधी अनुक्रमणिकेची फाइल उतरवावी आणि मग हवे तेच प्रकरण घ्यावे. मराठी विभागांतील प्रबंधांची शीर्षके काही ठिकाणी देवनागरीत, तर काही ठिकाणी रोमन लिपीत नोंदवलेली आहेत. ‘खाजन’ हा एकच शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजी अभ्यासक लिहितात तसा, असा तिन्ही प्रकारे शोधल्याशिवाय ‘या विषयावर काही नाही’ असे म्हणू नये.

मराठी पीडीएफचा आणखी एक दोष आहे, आणि त्यामागचे कारण माहीत नसल्यामुळे विद्यार्थी हैराण होतात. फाइल उघडते, अक्षरे स्वच्छ दिसतात, पण शोध घेतला तर शब्द सापडत नाही आणि परिच्छेद कॉपी केला तर रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर असा वागतो, कारण फाइलीत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि त्यांवर देवनागरीचे चित्र चढवलेले असते. स्कॅन केलेल्या प्रबंधात तर मजकूरच नसतो, पानांची छायाचित्रे असतात. दोन्हींवर उपाय एकच: अक्षरओळख. हव्या त्या पानांची चित्रे करून ती गूगल ड्राइव्हवर चढवावीत आणि गूगल डॉक्समध्ये उघडावीत, किंवा त्यांवर संगणकावर ‘टेसरॅक्ट’ हे मराठी ओळखणारे विनामूल्य साधन वापरावे. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, म्हणून उद्धृत करण्यापूर्वी मूळ पानाशी अक्षरशः ताडून पाहावे.

पोर्तुगीज काळाविषयी लिहिणाऱ्यांनी पोर्तुगालमधील विद्यापीठांच्या संग्रहांचा एकत्रित शोध देणारे ‘आरसीएएपी’ हे दालन अवश्य पाहावे. गोव्यावरील प्रबंध आणि निबंध तिथे मुक्तपणे मिळतात, मात्र शोधशब्द पोर्तुगीजमध्ये द्यावे लागतात.

हाती आलेली प्रत कोणती आहे

मुक्त प्रत मिळाली एवढ्यावर थांबू नये. एकाच निबंधाची तीन रूपे फिरत असतात: तज्ज्ञांच्या परीक्षणापूर्वीचा मसुदा म्हणजे प्रीप्रिंट, परीक्षणानंतर स्वीकारलेली लेखकाची प्रत, आणि नियतकालिकात छापलेली अंतिम प्रत. महामारीत प्रीप्रिंटचे महत्त्व एकदम वाढले, कारण जून २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मेडआर्काइव्ह’वर वैद्यकीय निष्कर्ष परीक्षणाची वाट न पाहता लोकांसमोर येऊ लागले. वेग आवश्यक होता यात शंका नाही, पण त्यातले काही मसुदे नंतर बदलले आणि काही मागे घेतले गेले. छापील निबंधही यातून सुटले नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील एक बहुचर्चित निबंध ‘लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध केला, आणि त्यामागील माहितीची स्वतंत्र तपासणी होऊ न शकल्यामुळे तो ४ जूनला मागे घेतला गेला. ज्याने मेअखेरीस पीडीएफ उतरवून ठेवली, त्याच्या मोबाईलमध्ये तो निबंध आजही निर्दोष दिसत असेल.

म्हणून उद्धृत करण्यापूर्वी प्रत्येक निबंधाचे डीओआय पान पुन्हा उघडून मागे घेतल्याची सूचना आहे का ते पाहावे, आणि प्रीप्रिंट असेल तर त्याच्या पानावर पुढे छापील रूप आल्याची नोंद आहे का तेही पाहावे. मागे घेतलेल्या निबंधांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची सूची २०२३ पासून डीओआय नोंदवणाऱ्या ‘क्रॉसरेफ’ संस्थेने सर्वांसाठी खुली केली आहे. ‘झोटेरो’ हे संदर्भ सांभाळण्याचे विनामूल्य साधन वापरत असाल, तर ते अशा निबंधावर आपोआप इशारा दाखवते. शिवाय ‘फाइंड फुल टेक्स्ट’ (जुन्या आवृत्तीत ‘फाइंड अव्हेलेबल पीडीएफ’) या आज्ञेने ते मुक्त प्रतही शोधून आणते.

लेखकाच्या प्रतीत पृष्ठक्रमांक नियतकालिकाचे नसतात. त्यातून अवतरण घेतल्यास पृष्ठक्रमांक न देता विभागाचे शीर्षक द्यावे आणि संदर्भात ‘लेखकाची स्वीकृत प्रत’ असे स्पष्ट लिहावे. आता मी मुलांना लिंकसोबत फाइलही ठेवायला सांगते, आणि फाइलीच्या नावात पहिल्या लेखकाचे आडनाव, वर्ष, प्रतीचे रूप आणि उतरवल्याची तारीख घालायला लावते. मुक्त परवाना असलेला निबंध कुणालाही पाठवता येतो. तसा परवाना नसेल, तर फाइल आपल्या अभ्यासापुरती ठेवावी आणि इतरांना डीओआय द्यावा.

काहीच न मिळाल्यास

चोरून मिळवलेल्या प्रतींचे संकेतस्थळ मी कुणाला सुचवत नाही. त्याविरुद्ध तीन प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला होता, आणि तशा संकेतस्थळाकडे वळण्याआधी करण्यासारखा एक सरळ उपाय हाताशी असतो: लेखकाला पत्र लिहिणे.

बंद निबंधाच्या पानावरही पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा ई-मेल पत्ता पुष्कळदा दिलेला असतो. तिथे नसेल तर पबमेडवरील नोंदीत लेखकाच्या संस्थेसोबत तो सापडू शकतो. पत्र इंग्रजीत आणि पाच-सहा ओळींचे असावे. आपण कोण, कुठे शिकतो, कोणत्या विषयावर काम करतो, निबंधाचे पूर्ण शीर्षक आणि डीओआय, आणि वैयक्तिक अभ्यासासाठी प्रत पाठवण्याची विनंती, एवढे पुरते. ‘तुमचे सर्व निबंध पाठवा’ असे कधीही लिहू नये. सत्तरीच्या त्या मुलीने एका जुन्या निबंधासाठी असे पत्र लिहिताना आपले गाव काजूच्या पट्ट्यात आहे आणि शेजारच्या घरात एकाला हा ताप येऊन गेला आहे, हे एका वाक्यात सांगितले होते. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. मागितलेला निबंध तर होताच, सोबत त्याच लेखकाचा आणखी एक होता आणि मजुरांना विचारायच्या प्रश्नांविषयी दोन सूचनाही होत्या.

आठवडाभर उत्तर आले नाही तर लेखक उदासीन आहे असे समजू नये. पहिला लेखक बहुधा त्या वेळचा संशोधक विद्यार्थी असतो, तो संस्था सोडून गेलेला असतो आणि त्याचा जुना पत्ता बंद पडलेला असतो. अशा वेळी लेखकाच्या ‘ऑर्किड’ (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) नोंदीत सध्याची संस्था पाहावी, तिच्या संकेतस्थळावरून नवा पत्ता घ्यावा, किंवा यादीतील शेवटच्या लेखकाला लिहावे. तो बहुधा मार्गदर्शक असतो आणि वर्षानुवर्षे त्याच विभागात असतो.